गौरव आणि पुनर्वाचन : कोकणातील लेखकांच्या सन्मानपरंपरेचा एक विचार
(विशेष संदर्भ : र. वा. दिघे)

प्रास्ताविक

एखाद्या प्रदेशाचे वाङ्मयीन जीवन केवळ तेथे लिहिल्या गेलेल्या पुस्तकांवरून ठरत नाही. त्या प्रदेशातील लेखकांनी आपल्या पूर्वसूरींना आणि समकालीनांना कसे वाचले, कसे स्मरले आणि कोणत्या शब्दांत गौरविले, यावरूनही ते ठरते. सत्कार समारंभ, गौरवग्रंथ, स्मृती पुरस्कार, जन्मस्थळावरील स्मारक, संमेलननगरीला दिलेले नाव, जन्मशताब्दीनिमित्त काढलेला विशेषांक ही सर्व या गौरवव्यवहाराची रूपे होत. मराठी समीक्षेने साहित्यकृतींचा आणि वाङ्मयप्रकारांचा विचार विपुल प्रमाणात केला आहे. गौरव हाही एक वाङ्मयीन व्यवहार आहे आणि त्याचीही चिकित्सा होऊ शकते, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे.

प्रस्तुत लेखात कोकणातील तीन लेखकांच्या गौरवाची तीन भिन्न रूपे विचारात घेतली आहेत. मालगुंडचे केशवसुत, वरसईचे विष्णुभट गोडसे आणि खोपोली परिसरात राहून लिहिणारे र. वा. दिघे हे ते तीन लेखक होत. यांपैकी दिघे यांचा विचार अधिक विस्ताराने केला आहे, कारण त्यांच्या बाबतीत नावाचा सन्मान आणि कृतीचे वाचन यांतील अंतर सर्वाधिक जाणवते.

हे अंतर समजून घेण्यासाठी कर्जत रेल्वे स्थानकालगतचे भिसेगाव हे सोयीचे ठिकाण आहे. येथून खोपोलीच्या गाडीत बसले की पळसधरी, केळवली, डोळवली आणि लौजी ही स्थानके ओलांडून प्रवासी सुमारे १५ किलोमीटरवरील खोपोलीस उतरतो. ज्या डोंगरपट्ट्याला, पावसाला आणि भातशेतीला दिघे यांनी कादंबरीत आणले, तो पट्टा हाच. मराठी प्रादेशिक कादंबरीच्या आरंभकाळातील एक महत्त्वाचा लेखक भिसेगावच्या वाचकापासून इतका जवळ आहे. तो भौगोलिक दृष्ट्या जवळ असूनही वाचनाच्या दृष्टीने दूर का राहावा, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

गौरवाची भाषा आणि तिच्या मर्यादा

प्रादेशिक लेखकाविषयी बोलताना काही शब्द ठरून गेले आहेत. ‘मातीशी नाळ जोडलेला’, ‘अस्सल’, ‘सिद्धहस्त’, ‘ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण करणारा’ ही विशेषणे कोणत्याही लेखकाच्या नावापुढे ठेवता येतात, आणि म्हणूनच ती कोणत्याही एका लेखकाविषयी काहीच सांगत नाहीत. कोणती माती, त्या मातीत कोणते पीक, ते पीक कोणी काढले आणि धान्य कोणाच्या घरी गेले, हे प्रश्न विचारल्याशिवाय ‘मातीतला लेखक’ या शब्दांना अर्थ प्राप्त होत नाही.

अशी भाषा रूढ होण्यामागे सामाजिक कारणही आहे. लहान प्रदेशात लेखक, संपादक, संमेलनाचे कार्यकर्ते, पुरस्काराचे परीक्षक आणि समीक्षक ही बहुधा परस्परांच्या परिचयातील मंडळी असतात. पुष्कळदा एकच व्यक्ती यांपैकी दोन-तीन भूमिका पार पाडीत असते. अशा वेळी परखड मत देणे हे वैयक्तिक दुराव्याचे कारण ठरू शकते. परिणामी स्तुती हाच सौजन्याचा मार्ग बनतो. या सौजन्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्याच्या वाङ्मयीन केंद्रांपासून दूर राहून लिहिणाऱ्याला आपल्या माणसांनी दिलेली शाबासकी हाच अनेकदा एकमेव आधार असतो. परंतु केवळ सौजन्यावर उभा राहिलेला गौरव लेखकाच्या हयातीपुरता टिकतो. त्याच्या पश्चात त्याची कृती वाचण्याचे कारण तो पुढील पिढीला देत नाही.

स्मारक आणि पुरस्कार : नावाचा सन्मान

१९९० मध्ये रत्नागिरी येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मधु मंगेश कर्णिक यांनी भूषविले. त्यानंतर १९९१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेची स्थापना झाली. कोकणाच्या वाङ्मयीन इतिहासातील ही महत्त्वाची घटना मानावी लागते. सिंधुदुर्गातील करूळ गावी जन्मलेल्या आणि कथा, कादंबरी, व्यक्तिचित्र अशा विविध प्रकारांत लेखन केलेल्या या लेखकाने स्वतःच्या लेखनाबरोबर इतरांच्या लेखनाची काळजी वाहणारी संस्था उभी केली. परिषदेच्या ‘झपूर्झा’ या नियतकालिकाला केशवसुतांच्या कवितेचे नाव मिळाले. १९९४ मध्ये मालगुंड येथे केशवसुतांचे स्मारक साकार झाले आणि त्याचे उद्घाटन कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. केशवसुतांचा मृत्यू १९०५ मध्ये हुबळी येथे, जन्मगावापासून फार दूर झाला. त्यांच्या कवितांचा संग्रहदेखील त्यांच्या पश्चात हरि नारायण आपटे यांच्या प्रयत्नाने वाचकांसमोर आला. हे ध्यानी घेतले म्हणजे या कवीला त्याच्या गावी परत आणण्याच्या कृतीचे मोल कळते.

परिषदेने वाङ्मयीन पुरस्कारांना कोकणातील लेखकांची नावे दिली, हेही अर्थपूर्ण आहे. कादंबरीसाठी र. वा. दिघे, कथेसाठी वि. सी. गुर्जर, कवितेसाठी आरती प्रभू, चरित्रासाठी धनंजय कीर, समीक्षेसाठी प्रभाकर पाध्ये आणि ललितगद्यासाठी अनंत काणेकर अशी ही नावे आहेत. या योजनेत एक वाङ्मयीन इतिहास अनुस्यूत आहे. प्रत्येक वाङ्मयप्रकाराला कोकणाने एक मानकरी नेमून दिला आहे, आणि नव्या लेखकाचे नाव जुन्या लेखकाच्या नावाशी जोडले जाते. श्री. ना. पेंडसे यांच्यासारखा अधिक वाचला जाणारा कोकणी कादंबरीकार असतानाही कादंबरीच्या पुरस्काराला दिघे यांचे नाव असावे, ही निवड औचित्यपूर्ण म्हणावी लागेल. पेंडसे यांची ‘एल्गार’ ही कादंबरी १९४९ ची. त्यापूर्वी जवळजवळ एक दशक आधी दिघे यांची ‘पाणकळा’ प्रसिद्ध झाली होती.

तथापि पुरस्काराच्या नावाने एक विरोधाभासही निर्माण होतो. ‘र. वा. दिघे स्मृती पुरस्कारप्राप्त’ ही अक्षरे अनेक पुस्तकांच्या मलपृष्ठांवर वाचली जातात, पण ‘पाणकळा’ वा ‘पड रे पाण्या’ उघडण्याची निकड त्यामुळे निर्माण होत नाही. लेखक विशेषनामाचे विशेषण होऊन राहतो. स्मारकाला जागा लागते आणि पुरस्काराला वर्ष लागते. कृतीला मात्र वाचकच लागतो.

विष्णुभट गोडसे : मूळ शब्दांचा सन्मान

गौरवाचा याहून वेगळा आणि अधिक सखोल प्रकार रायगड जिल्ह्याच्याच इतिहासात सापडतो. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे हे दारिद्र्याने गांजलेले भिक्षुक. बायजाबाई शिंदे यांच्याकडून होणाऱ्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने ते १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा आणि शहराचा पाडाव त्यांनी प्रत्यक्ष अनुभवला. सर्वस्व गमावूनही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या प्रेरणेने त्यांनी ही हकीकत लिहून काढली. लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये, वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली.

वैद्यांचे ऋण मोठे आहे. त्यांनी आग्रह धरला नसता तर हे लेखन झालेच नसते. परंतु प्रकाशित करताना त्यांनी मूळ मजकुरात बदल केले. भाषा नीटनेटकी केली, काटछाट केली. राजद्रोहाच्या संशयाचा तो काळ होता आणि सुशिक्षित वाचकाची अभिरुचीही त्यांच्यासमोर होती. त्यामुळे या संपादनाला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. तरीही त्याचा परिणाम असा झाला, की जवळजवळ सहा दशके मराठी वाचकाने विष्णुभटांना वैद्यांच्या शब्दांत वाचले. १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा वरसईच्या भिक्षुकाची बोली, त्याची वाक्ये आणि त्याचा भाबडेपणा हे सर्व प्रथमच वाचकांसमोर आले. पोतदारांचा जन्म महाडजवळील बिरवाडीचा. म्हणजेच एका रायगडकराने दुसऱ्या रायगडकराला त्याची वाणी परत मिळवून दिली. तेव्हा हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे.

या घटनेत गौरवाच्या दोन वृत्ती समोरासमोर येतात. एक वृत्ती लेखकाला प्रतिष्ठित करण्यासाठी त्याच्यावर संस्कार करते. दुसरी लेखक जसा होता तसा त्याला वाचकापुढे उभा करते. पहिलीशिवाय विष्णुभट लिहिते झाले नसते आणि दुसरीशिवाय ते ऐकू आले नसते. प्रादेशिक लेखकाच्या गौरवाची कसोटी या दुसऱ्या वृत्तीत आहे. त्याचे शब्द त्याच्याच रूपात वाचकापर्यंत पोहोचले की नाहीत, हा प्रश्न शाल-श्रीफळापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

र. वा. दिघे : शीर्षकांतून दिसणारे कृषिवर्ष

रघुनाथ वामन दिघे (१८९६–१९८०) यांचा जन्म कल्याणचा. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली केली आणि पुढे ती सोडून खोपोलीजवळील विहारी येथे शेती करीत लेखन केले. शिक्षित मध्यमवर्ग गावाकडून शहराकडे जात असताना दिघे उलट दिशेने आले, ही बाब त्यांच्या लेखनाच्या आकलनासाठी मूलभूत आहे. गावी बालपण घालवून शहरात त्याच्या आठवणी लिहिणारा लेखक आणि प्रौढ वयात शेत स्वीकारणारा लेखक यांच्या दृष्टीत फरक असतो. पहिल्याच्या लेखनात स्मरणरंजनाचा सूर सहज येतो. दुसऱ्याला दरवर्षी पावसाची वाट पाहावी लागते.

दिघे यांच्या कादंबऱ्यांची नावे एकत्र ठेवली असता ही गोष्ट स्पष्ट होते. ‘पाणकळा’, ‘सराई’, ‘आई आहे शेतात’, ‘पड रे पाण्या’ ही शीर्षके म्हणजे जणू शेतकऱ्याच्या वर्षाची पाने आहेत. ‘पाणकळा’ हा पावसाळ्यासाठी शेतकऱ्याच्या तोंडी असणारा शब्द. त्यात ऋतूच्या सौंदर्यापेक्षा पाण्याचा काळ कसा निभवायचा हा भाव अधिक आहे. ‘सराई’ म्हणजे हंगामाची भरती, हाती चार पैसे येण्याचे दिवस. ‘पड रे पाण्या’ हे आर्जव आहे, आणि ते एकेरीत आहे. पाऊस येथे निसर्गदृश्य न राहता घरच्या माणसासारखा हाक मारण्याजोगा झाला आहे. ‘आई आहे शेतात’ या विधानात तर शेतातील स्त्रीश्रमाचे एक संपूर्ण वास्तव सामावले आहे. घरात आई का नाही, या प्रश्नाचे ते रोजचे उत्तर आहे. प्रदेश म्हणजे केवळ डोंगर, नदी आणि झाडे नव्हेत, तर श्रमाचे वेळापत्रक होय, ही जाण या शीर्षकांत आहे.

प्रादेशिक कादंबरीच्या संदर्भात ही जाण महत्त्वाची ठरते. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मध्ये प्रदेश मुख्यतः गावातील माणसांच्या संबंधांतून उभा राहतो. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) तो धनगरवस्तीच्या अनुभवातून साकारतो. दिघे यांच्याकडे प्रदेश ऋतुचक्रातून आणि कृषिकर्मातून येतो. उत्तर कोकणातील घाटपायथ्याच्या भागात पावसाचे प्रमाण प्रचंड असते आणि भात हे मुख्य पीक. येथे एका पंधरवड्याचा पाऊस कुटुंबाचे वर्ष ठरवितो. अशा प्रदेशाची कादंबरी ऋतूच्या नावाने ओळखली जावी, हे स्वाभाविकच होय.

या लेखनाचा काळही विचारात घ्यावा लागतो. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप सुरू झाला आणि तो अनेक वर्षे चालला. माथेरानचे भाई कोतवाल यांनी कर्जत परिसरातील शेतकरी व आदिवासींसाठी कार्य केले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे त्यांना हौतात्म्य आले. तेही दिघे यांच्याप्रमाणे वकील होते. ‘सराई’चे प्रकाशन त्याच वर्षीचे. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांमुळे कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. ‘आई आहे शेतात’ (१९५६) आणि ‘पड रे पाण्या’ (१९५८) या कादंबऱ्या याच संक्रमणाच्या वर्षांतील आहेत. दिघे यांच्या शेतकऱ्याचे पुनर्वाचन करताना ही पार्श्वभूमी दूर ठेवता येणार नाही.

मर्यादांचे भान

दिघे यांचा गौरव करताना त्यांच्या मर्यादांविषयी मौन पाळणे हा खरा आदर नव्हे. त्यांच्या कादंबऱ्यांत अद्भुतरम्यतेचा आणि रंजकतेचा अंश मोठा आहे, हा आक्षेप मराठी समीक्षेने वारंवार नोंदविला आहे आणि तो निराधार नाही. ‘पाणकळा’ लिहिणाऱ्या लेखणीतूनच ‘गानलुब्धा मृगनयना’ हे शीर्षकही उतरले. एकीकडे शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द आणि दुसरीकडे संस्कृत काव्याची आठवण करून देणारी पदरचना, ही दोन टोके एकाच लेखकात नांदतात. या द्वैताला केवळ दोष म्हणून बाजूला सारण्यापेक्षा त्याचे कारण शोधणे उपयुक्त ठरेल. १९४० च्या सुमारास ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या कादंबरीवर पोसलेल्या वाचकाला रानातील आणि शेतातील माणसांपर्यंत नेण्यासाठी दिघे यांनी ओळखीच्या रंजनमार्गाचा अवलंब केला असावा. वाट जुनी होती, पण ती जेथे पोहोचत होती ते ठिकाण नवे होते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ‘निसर्गकन्या : रानजाई’ या शीर्षकात रानातील स्त्री ही निसर्गाचा एक भाग म्हणून कल्पिली जाते. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी समाज पिढ्यान्पिढ्या राहत आले आहेत. त्यांच्यासाठी रान हे सौंदर्यस्थळ नसून उपजीविकेचे साधन आहे, आणि वनखाते, सावकार व जमीनमालक यांच्याशी होणाऱ्या संघर्षाचे क्षेत्रही आहे. आदिवासी स्त्रीला ‘निसर्गकन्या’ म्हणण्यात कौतुक आहे, पण त्या कौतुकात तिच्या श्रमाचे आणि वंचनेचे विस्मरण होण्याचा धोका आहे. पुढे वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’सारख्या (१९८७) कवितासंग्रहातून आदिवासी कवी स्वतःविषयी स्वतः बोलू लागले, तेव्हा बाहेरून केलेल्या कौतुकाच्या मर्यादा आपोआप उघड झाल्या. दिघे यांचे आजचे वाचन या नंतरच्या साहित्याला बाजूला ठेवून होऊ शकत नाही.

भिसेगावचा वाचक आणि शब्दांचे भवितव्य

या पुनर्वाचनाची निकड केवळ वाङ्मयीन नाही. मुंबईशी रेल्वेने जोडलेल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात गेल्या काही दशकांत शेतघरे आणि गृहसंकुले वाढत गेली. भिसेगाव हे आता कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीतील वस्ती आहे. लोकलच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या घराला आवणीच्या वेळापत्रकाची गरज उरत नाही. राब भाजणे, आवण काढणे, खाचरात चिखल करणे, बांध घालणे ही क्रियापदे ज्या कामांबरोबर आली, त्या कामांबरोबरच ती जाऊ लागली आहेत. आजी-आजोबांच्या बोलण्यातील ‘पाणकळा’ नातवंडांच्या बोलण्यात ‘पावसाळा’ आणि पुढे ‘मान्सून’ होतो. शब्द बदलतो तेव्हा त्यासोबत येणारी चिंता, तयारी आणि सामूहिक श्रमाची आठवणही पुसट होते.

अशा स्थितीत स्थानिक वाचकाला दिघे यांच्या वाचनात एक विशेष अधिकार प्राप्त होतो. शहरी समीक्षक कथानकाची घट्ट वीण किंवा पात्रांची संभाव्यता तपासू शकेल. शेतीचे वर्णन कोणत्या नक्षत्रातील आहे, तो शब्द कुणब्याच्या घरचा की आगऱ्याच्या, कादंबरीतील बोली या पट्ट्याशी कितपत जुळते, हे सांगू शकणारा वाचक मात्र याच पट्ट्यात आहे. तो वृद्ध आहे आणि त्याला समीक्षेची परिभाषा अवगत नाही. महाविद्यालयातील मराठी विभाग आणि असा वाचक यांची भेट घडविणे, ‘पाणकळा’ किंवा ‘पड रे पाण्या’ या कादंबऱ्यांतील कृषिविषयक शब्दांची गावकऱ्यांच्या साहाय्याने सार्थ सूची करणे, हे कार्य कोणत्याही नामकरणापेक्षा लेखकाच्या अधिक जवळ जाणारे ठरेल. पोतदारांनी विष्णुभटांसाठी हस्तलिखितातून जे साधले, ते दिघे यांच्या बाबतीत अशा वाचनातून साधता येईल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. प्रादेशिक लेखकांचा परस्परगौरव हा वाङ्मयीन परंपरा निर्माण करणारा व्यवहार आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेचे कार्य हे त्याचे संस्थात्मक रूप होय.

२. स्मारक आणि स्मृती पुरस्कार लेखकाचे नाव टिकवितात. कृती टिकविण्यासाठी पुनर्वाचन आणि विश्वसनीय संपादन यांची जोड आवश्यक असते. ‘माझा प्रवास’च्या १९०७ आणि १९६६ च्या आवृत्त्या हा फरक स्पष्ट करतात.

३. र. वा. दिघे यांनी प्रदेशाला ऋतुचक्र आणि कृषिश्रम यांच्या अंगाने कादंबरीत आणले. हे त्यांचे मराठी प्रादेशिक कादंबरीला दिलेले योगदान आहे. अद्भुतरम्यतेच्या आक्षेपाखाली ते झाकले जाऊ नये.

४. आदिवासी स्त्रीकडे पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीची मर्यादा स्पष्टपणे मांडणे हा त्यांच्या गौरवाचाच भाग मानला पाहिजे.

५. कृषिजीवनातील शब्द व्यवहारातून लोप पावत असताना या कादंबऱ्यांना प्रदेशाच्या शब्दभांडाराचे मोल प्राप्त झाले आहे. ते तपासू शकणारी पिढी हयात आहे तोवरच हे काम शक्य आहे.

आपल्या लेखकाचा अभिमान बाळगणे हे प्रत्येक प्रदेशाला शोभते. परंतु ज्याचा अभिमान वाटतो त्याचे पुस्तक त्याच्या गावाशेजारीच अपरिचित राहावे, यात अभिमानाची परिपूर्ती नाही. भिसेगावहून खोपोलीस जाणारी गाडी पावसाळ्यात दोन्ही बाजूंच्या खाचरांतून जाते. जोवर ती खाचरे आहेत आणि त्यांत आवणी करणारे हात आहेत, तोवर ‘पाणकळा’ या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागणार नाही. तो अर्थ जाणणाऱ्यांच्या सोबतीने दिघे वाचणे हाच त्यांचा यथार्थ गौरव ठरेल.